पेशंटबरोबर कोण आहे?

सरकारी हॉस्पिटल असो की कॉर्पोरेट, सर्जरीच्या वॉर्डबाहेर थोडा वेळ थांबलं की एक हाक ऐकू येतेच : "बारा नंबरच्या पेशंटबरोबर कोण आहे?" बाकावर पेंगत बसलेलं कुणीतरी धडपडत उठतं. हातात औषधांची चिठ्ठी पडते, सहीसाठी कागद पुढे येतो, नाहीतर "पेशंट काही खात नाहीये, तुम्ही जरा समजवा" अशी सूचना मिळते. बहुतेक वेळा हे उठणारं माणूस म्हणजे नवरा किंवा बायको.

ऑपरेशन सर्जन करतो. पण त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पेशंटच्या तोंडात काय जायचं, त्याला कुणी उठवायचं, डॉक्टरांशी कुणी बोलायचं हे सगळं या सोबतच्या माणसावर येतं. वैद्यकाच्या इतिहासात त्याला फारशी जागा नाही. तिथे क्लोरोफॉर्म आहे, पेनिसिलिन आहे, मोठमोठे सर्जन आहेत. खाटेशेजारच्या स्टुलावर कोण बसलं होतं, ते क्वचितच कुणी लिहून ठेवलं.

एका जोडप्याच्या बाबतीत मात्र ते लिहिलं गेलं आहे. कस्तुरबा आणि मोहनदास गांधी. कस्तुरबांचं ऑपरेशन दरबानमध्ये १९०९ साली झालं, गांधींचं मुंबईत १९१९ साली. दोन्ही वेळा ऑपरेशन पार पडलं आणि दोन्ही वेळा खरा पेच एका साध्या प्रश्नावर आला : पेशंटने काय प्यायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

दरबान, १९०९

गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सवालमधल्या सत्याग्रहात गांधींना दोन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते फोक्सरस्टच्या तुरुंगात असताना कस्तुरबा फिनिक्सच्या वसाहतीत गंभीर आजारी पडल्या. इंडियन ओपिनियनचा छापखाना सांभाळणारे अल्बर्ट वेस्ट यांनी तुरुंगात तार केली. गांधी दंड भरून बाहेर येऊ शकले असते. त्यांनी तो भरला नाही. ९ नोव्हेंबरला त्यांनी पत्नीला पत्र लिहिलं. मन कळवळतंय, पण शुश्रूषेला येणं शक्य नाही. धीर धर, खात-पीत राहा. आणि तुझा मृत्यू झालाच तर तोही सत्याग्रहासाठी दिलेला बळी ठरेल, असा त्याचा आशय होता. आजारी माणसाला असं पत्र पाठवणाऱ्या नवऱ्याबद्दल आज आपल्याला काय वाटेल ते वाटो, कस्तुरबांना ते आजारपण त्याच्याशिवाय काढावं लागलं.

डिसेंबरमध्ये गांधी सुटले. कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होत होता. एका डॉक्टर मित्राने ऑपरेशन सुचवलं. थोडी चलबिचल झाली, मग त्या तयार झाल्या. जानेवारी १९०९ मध्ये दरबानला ऑपरेशन झालं आणि तेही क्लोरोफॉर्म न देता. क्लोरोफॉर्म १८४७ पासून वापरात होतं, पण ते हृदयावर ताण आणतं. कस्तुरबा इतक्या खंगल्या होत्या की भूल देण्याचा धोका डॉक्टरांना पत्करता आला नाही. वयाच्या चाळिशीला आलेल्या त्या बाईने पूर्ण शुद्धीत ऑपरेशन सोसलं.

मोठं हॉस्पिटल नव्हतंच. डॉक्टरांच्या घरीच त्यांना ठेवलं होतं आणि डॉक्टरांच्या पत्नी त्यांचं सगळं करत होत्या. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर गांधी जोहान्सबर्गला परतले.

इथेच आजही अनेकांची चूक होते. ऑपरेशन झालं म्हणजे संकट टळलं, असं वाटतं. नवरा ऑफिसला जातो, मुलगी परगावी परत जाते. पण खूप रक्त गेलेल्या, आधीच अशक्त असलेल्या पेशंटसाठी पुढचे दिवसच नाजूक असतात. १९०९ साली तर ते फारच नाजूक होते. रक्तगटांचा शोध लागून जेमतेम आठ वर्षं झाली होती, रक्त चढवणं नित्याचं झालं नव्हतं, अँटिबायोटिक्स यायला तीन दशकं होती. पेशंट बरा व्हायचा तो विश्रांतीवर आणि पोटात जाणाऱ्या अन्नावर.

काही दिवसांतच गांधींना पत्र आलं. कस्तुरबांची तब्येत ढासळली आहे, उठून बसता येत नाही, एकदा शुद्धही हरपली होती. पाठोपाठ डॉक्टरांचा फोन आला : यांना बीफ टी देण्याची परवानगी द्या.

चहा नसलेला चहा

बीफ टी म्हणजे चहा नव्हे. गोमांस पाण्यात बराच वेळ उकळून काढलेलं पातळ सार. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी आजारपणात त्याला साधारण तेच स्थान होतं, जे आपल्याकडे तांदळाच्या पेजेला आहे. पचायला हलकं, गिळायला सोपं, ताकद देणारं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या नावाने मांसाचा अर्क डबाबंद होऊन विकला जाऊ लागला, पुढे बोव्हरिलच्या बाटल्या आल्या, आणि अशक्त माणसाला मांसाचा अर्क पाजणं ही सुशिक्षित घरांतली रीतच झाली.

गंमत म्हणजे, या साराच्या ताकदीबद्दल शंका घेणारी बाईही त्याच इंग्लंडमध्ये होऊन गेली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की बीफ टी आटवून पाहा. अर्ध्या पाइंटामागे घन अन्न जेमतेम चमचाभर उरतं. त्यातून पेशंटला हुशारी येते हे त्यांना मान्य होतं, पण केवळ त्यावर त्याचं पोषण होईल या भ्रमात राहू नका, असा त्यांचा इशारा होता.

म्हणजे दरबानमध्ये जीवन-मरणाचा प्रश्न झालेली ती वाटी तितकी निर्णायक नसावी. पण डॉक्टरांची समजूत प्रामाणिक होती. पेशंटच्या पोटात काहीच टिकत नसताना त्यांच्या शिक्षणाने त्यांना जे सांगितलं, तेच ते सांगत होते.

गांधींनी फोनवर उत्तर दिलं : परवानगी मी देऊ शकत नाही, ती बोलण्याच्या स्थितीत असेल तर तिला विचारा, तिला जे हवं ते करायला ती मोकळी आहे. डॉक्टर म्हणाले, अशा बाबतीत मी पेशंटला विचारत नसतो. तुम्हीच या.

लांबचा प्रवास करून गांधी दरबानला पोहोचले तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की फोन केला त्याआधीच मी त्यांना बीफ टी दिलेला आहे. गांधींनी याला सरळ फसवणूक म्हटलं. डॉक्टरांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. पेशंट वाचणार असेल तर त्याला किंवा नातेवाइकांना अंधारात ठेवणं हे त्यांच्या लेखी कर्तव्यच होतं.

आपल्याकडेही "आजीला सांगू नका, खिरीतून गोळी द्या" हे घरोघरी चालतं. त्यामागे माया असते. पण शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाच्या तोंडात काय जातंय हे त्याला न सांगणं, या गोष्टीला मायेमुळे दुसरं नाव मिळत नाही.

रिक्षा, फलाट, झोळी

गांधींपुढे आता दोन वाटा होत्या. डॉक्टरांना मोकळीक द्यायची, नाहीतर पत्नीला तिथून हलवायचं. ते कस्तुरबांच्या खाटेजवळ गेले. इतक्या अशक्त बाईला असला प्रश्न विचारणं क्रूरपणाचं आहे हे त्यांना कळत होतं, तसं त्यांनी लिहिलंही आहे. तरी त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं. कस्तुरबांनी नकार दिला. गांधींनी मग उलट बाजूने समजावून पाहिलं : माझ्यामागे यायला तू बांधलेली नाहीस, औषध म्हणून मांस-मद्य घेणारे आपल्याच ओळखीचे हिंदू आहेत. कस्तुरबा हलल्या नाहीत. मला इथून लगेच घेऊन चला, एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर संतापले. या अवस्थेत तिला हा प्रश्न विचारायची लाज वाटायला हवी होती, असं त्यांनी गांधींना सुनावलं. वाटेतच तिचं काही बरंवाईट होईल, असाही इशारा दिला. वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर तो इशारा रास्तच होता.

यानंतरचा तपशील नीट वाचण्यासारखा आहे, कारण तत्त्वाच्या गोष्टी इथे संपतात आणि सोबत म्हणजे प्रत्यक्ष काय, ते सुरू होतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. गांधींनी माणूस पुढे धाडला आणि वेस्टना निरोप दिला : फिनिक्स स्टेशनवर झोळी घेऊन या, गरम दुधाची एक बाटली आणा, गरम पाण्याची एक आणा, आणि झोळी उचलायला सहा माणसं. मग माणसाने ओढायची रिक्षा करून ते कस्तुरबांना दरबान स्टेशनवर घेऊन गेले. फलाट लांब होता, रिक्षा आत जात नव्हती. गांधींनी त्यांना हातांवर उचललं आणि डब्यापर्यंत नेलं. कित्येक दिवसांत धड अन्न न गेल्याने त्यांची नुसती हाडं उरली होती. आणि धीर कोण कुणाला देत होतं? कस्तुरबाच नवऱ्याला सांगत होत्या की मला काही होत नाही, काळजी करू नका. फिनिक्स स्टेशनपासून वसाहत अडीच मैल. तेवढी वाट त्या झोळीतून गेल्या.

मग त्या हळूहळू सावरल्या. गांधींनी याचं श्रेय आपल्या पाण्याच्या उपचारांना दिलं. आपण तसं करायची गरज नाही. त्या वाचल्या म्हणून त्यांना हलवण्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर ठरत नाही. वाचल्या नसत्या, तर हीच गोष्ट आपण फार वेगळ्या सुरात वाचली असती.

तो निर्णय कुणाचा होता?

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न. कस्तुरबांचा नकार खरंच त्यांचा होता का? समोर उभा असलेला नवरा काय मानतो हे त्यांना पंचवीसहून अधिक वर्षांच्या संसारातून पुरतं माहीत होतं. खाटेवरून उठताही न येणाऱ्या बाईने त्याच्या मनाविरुद्ध उत्तर दिलं असतं का? त्यातून ही सगळी हकिकत आपल्याला गांधींच्याच आत्मकथेतून कळते, आणि ती लिहिली गेली १९२५ नंतर, घटनेला सोळा-सतरा वर्षं उलटल्यावर. कस्तुरबांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही.

पण त्याच आत्मकथेत एक छोटा प्रसंग आहे, जो या शंकेला काही अंशी उत्तर देतो. फिनिक्सला आल्यावर दोन-तीन दिवसांत एक स्वामी भेटायला आले. आजारात मांस घ्यायला धर्माची आडकाठी नाही, असं ते मनुस्मृतीचे दाखले देऊन सांगू लागले. पत्नीसमोर हा वाद नको असं गांधींना वाटत होतं, पण स्वामी थांबेनात. शेवटी कस्तुरबांनीच त्यांना थांबवलं. मला त्या साराने बरं व्हायचंच नाही, तुम्हाला चर्चा करायची तर माझ्या नवऱ्याशी आणि मुलांशी करा, माझं ठरलेलं आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. वैष्णव घरात वाढलेल्या पोरबंदरच्या लेकीला गोमांस नको म्हणायला नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाची गरज नव्हती.

मात्र थोड्याच दिवसांनी याच्या उलटही घडलं. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. गांधींनी कुठेसं वाचलं होतं की अशा आजारात मीठ आणि डाळी सोडाव्यात. कस्तुरबा ऐकेनात. तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हाला तरी जमेल का, असं त्या म्हणून गेल्या. गांधींनी जागच्या जागी वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचं जाहीर केलं. कस्तुरबा हादरल्या. मी सोडते, पण तुमचा शब्द मागे घ्या, अशी विनवणी केली. त्यांनी घेतला नाही. त्या रडल्या. गांधींनी या प्रसंगाची नोंद प्रेमळ सत्याग्रह म्हणून केली आहे. आज वाचताना वाटतं, आजारी माणसावर याहून मोठं दडपण कोणतं असेल? "तू जेवली नाहीस तर मीही जेवणार नाही" हे वाक्य आपल्या घरांतही प्रेमाने म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला मात्र त्यानंतर नाही म्हणायची सोय उरत नाही.

म्हणजे एकाच नवऱ्याने एकाच आजारपणात दोन्ही गोष्टी केल्या. एकदा त्याने पत्नीचं मत विचारलं आणि ते स्वतःच्या हातांवर वाहून नेलं. दुसऱ्यांदा स्वतःचं मत तिच्यावर लादलं. दोन्ही वेळा मनात काळजीच होती.

मुंबई, १९१९

दहा वर्षांनी खाटेवर गांधी होते. १९१८ च्या ऑगस्टमध्ये, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत असताना त्यांना जबर आमांश झाला. महिनोन्‌महिने अंगात ताकद येईना. हवापालटासाठी माथेरानला नेलं, पण तिथलं पाणी जड. आमांशाने गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या, शौचाला होणाऱ्या वेदना असह्य झाल्या आणि आठवड्याभरात ते खाली उतरले. मुंबईत शंकरलाल बँकर यांनी त्यांच्या तब्येतीचा ताबा घेतला आणि डॉ. दलाल यांना बोलावलं.

डॉ. दलालांनी झटपट निदान केलं. दूध घेतल्याशिवाय मी तुमचं शरीर पुन्हा उभं करू शकत नाही. सोबत लोह आणि आर्सेनिकची इंजेक्शनं घेतलीत तर तुम्हाला ठणठणीत करण्याची हमी देतो. गांधी म्हणाले, इंजेक्शनं द्या, पण दूध न घेण्याचं माझं व्रत आहे. हे व्रत त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत घेतलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, व्रत नेमकं काय आहे? गांधींनी सगळं सांगितलं. दूध हे माणसाचं नैसर्गिक अन्न नव्हे, ही त्यांची समजूत होतीच. शिवाय गाई-म्हशींनी शेवटच्या थेंबापर्यंत दूध द्यावं म्हणून केला जाणारा फुंक्याचा क्रूर प्रकार कळल्यापासून त्यांना दुधाची शिसारी बसली होती.

कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. हा वेळपर्यंत त्या गप्प होत्या. आता मध्येच म्हणाल्या : मग बकरीचं दूध घ्यायला काय हरकत आहे?

डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला. बकरीचं तर बकरीचं, मला पुरे आहे. गांधींनी हार मानली. व्रताचा शब्द पाळला, आत्मा गमावला, अशी रुखरुख त्यांनी पुढे लिहून ठेवली. पण दूध सुरू झालं, त्यानंतर लवकरच डॉ. दलालांनी चिरांचं ऑपरेशन केलं, ते यशस्वी झालं आणि गांधी उठून बसू लागले. याच सावरण्याच्या काळात रौलट समितीच्या शिफारशी त्यांच्या वाचनात आल्या. ६ एप्रिल १९१९ ला देशभर हरताळ झाला. पुढे बकरीचं दूध त्यांच्या आहारात कायमचं राहिलं.

कस्तुरबांच्या त्या एका वाक्याकडे नीट पाहिलं पाहिजे. त्या रडल्या नाहीत, त्यांनी शपथ घातली नाही, स्वतः उपास धरला नाही. दरबानच्या डॉक्टरांप्रमाणे त्यांनी गुपचूप पेल्यात काही मिसळलंही नाही. त्यांनी फक्त ऐकलं. व्रत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते या माणसाच्या तोंडूनच नीट ऐकून घेतलं आणि त्या कुंपणात जिथे फट होती तिथे बोट ठेवलं. घ्यायचं की नाही, ते त्यालाच ठरवू दिलं. सर्जनला जे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं : हा माणूस हट्टी आहे, पण त्याला जगायचं आहे.

सही कुणाची?

आणखी पाच वर्षांनी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये गांधींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते येरवड्याचे कैदी होते, सर्जन होते कर्नल मॅडॉक. काही विपरीत घडलं असतं तर देश पेटला असता. म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावण्यात आलं आणि त्यांच्या साक्षीने गांधींनी संमतीचं निवेदन स्वतः सही करून दिलं : माझे डॉक्टर येईपर्यंत थांबणं धोक्याचं आहे, कर्नल मॅडॉक यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं.

पेशंट शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचाच, ही गोष्ट ससूनमध्ये राजकीय गरजेपोटी काटेकोर पाळली गेली. सामान्य माणसाच्या बाबतीत ती कायद्याने ठसठशीत व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला की प्रौढ आणि सज्ञान पेशंट भुलीखाली असताना, तातडीची गरज नसताना, त्याच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालणार नाही. त्या प्रकरणात लेकीसाठी आईने संमती दिली होती. दरबानच्या त्या फोनला तेव्हा नव्याण्णव वर्षं झाली होती.

गांधी-कस्तुरबांसाठी हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या नजरकैदेत कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. मुलगा देवदास यांनी तेव्हा दुर्मीळ असलेलं पेनिसिलिन मिळवलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधींनी विरोध केला. आता तिला यातना नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. बाप-लेकाचा वाद झाला. दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या, गांधींच्या मांडीवर डोकं ठेवून.

आज आपल्या हातात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. भूल सुरक्षित आहे, रक्त मिळतं, ऑपरेशननंतर बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी नर्स पेशंटला उठवून बसवते. बीफ टीच्या जागी प्रोटीन पावडर आलीय, आणि "टाके ओले आहेत, भात देऊ नका, पू होतो" असं सांगणारी मावशी प्रत्येक वॉर्डात भेटते. सोबतच्या माणसाचं काम मात्र तेच राहिलं आहे : मावशी, डॉक्टर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या सगळ्यांच्या गलक्यात खाटेवरच्या माणसाचा बारीक आवाज ऐकू येतोय ना, एवढं पाहणं.

ते सोपं जावं यासाठी एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच करता येते. घरून निघण्याआधी, दोघं निवांत असताना विचारून ठेवायचं : तुला बोलता आलं नाही तर मी काय सांगू? काय अजिबात चालणार नाही? कुणाला खोलीत येऊ देऊ नको? उत्तर आपल्याला पटेलच असं नाही. पटलं नाही तर तेव्हाच वाद घालावा. पेशंटला उठून बसता येतं, उलट उत्तर देता येतं, वाटल्यास भांडून दुसऱ्या खोलीत जाता येतं, ती वेळ वादाला बरी. एकदा टाके पडले की मग फक्त गरम दुधाची बाटली, झोळी आणि सहा माणसं यांची व्यवस्था बघायची.